‘द्वेष नाही, अनुभव आहे’ म्हणून घर नाकारणाऱ्यांना

नदीकाठ :
भाडेकरूंच्या धाग्यावर रोखठोक यांनी लिहिलंय, "आमच्या सोसायटीत तोंडी ठरलंय, मुसलमानांना घर द्यायचं नाही. द्वेष नाही, अनुभव आहे. बॉम्ब कोण फोडतं ते सांगायला नको." त्यावर वाहवाही झाली. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून वेगळा धागा काढतेय.

ऑफिसातला माझा एक सहकारी मूळचा रत्नागिरीचा. कोथरूडला घर शोधत होता. एजंटचा फोन स्पीकरवर होता, मी शेजारीच बसले होते. डिपॉझिट, भाडं, पार्किंग सगळं ठरलं. "ॲग्रीमेंटला पूर्ण नाव काय टाकू?" याने सांगितलं. एजंट जरा थांबला, मग म्हणाला, "सर, ओनरला विचारून कळवतो." थोड्या वेळात मेसेज आला, घर गेलं. दुसऱ्या दिवशी तेच घर त्याच भाड्याला पुन्हा साइटवर. सहकाऱ्याने मोबाइल खिशात टाकला आणि म्हणाला, "चल, मीटिंग आहे." त्याला यात नवीन काहीच वाटलं नाही, याचा मला जास्त राग आला.

आणि रोखठोक, अनुभव कुणाचा? तुमच्या सोसायटीत आजवर एकही मुसलमान राहिलेला नाही, हे तुम्हीच त्या धाग्यावर लिहिलंय. ठरलं ते तोंडी का? इतिवृत्तात लिहा ना. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, भाडेकरू ठेवायला सोसायटीची परवानगी लागत नाही, फक्त कळवायचं असतं.

रोखठोक :
12 मार्च 1993 ला माझे काका वरळीला सेंच्युरी बाजारपाशी बसमध्ये होते. वाचले, पण एक कान कायमचा गेला. त्या दिवशी मुंबईत 257 माणसं मेली. पुढे 26/11, मग पुण्यात जर्मन बेकरीतला स्फोट. पूर्वग्रह वगैरे शब्द काकांना जाऊन ऐकवा. सगळे तसे नसतात हे मलाही कळतं, पण तसा कोण हे मी कसं ओळखू? घराचे हप्ते मी भरतोय. शिवाय 2005 मध्ये सुप्रीम कोर्टानेच अहमदाबादच्या पारशी सोसायटीला सभासदत्व पारशांपुरतं ठेवू दिलं.

खाडीपट्टा :
मी दाभोळचा, मुसलमान. काकांचं वाचून वाईट वाटलं, मनापासून लिहितोय. जानेवारी 1993 मध्ये माझ्या मावशीचं जोगेश्वरीचं घर जाळलं. डिसेंबर-जानेवारीच्या त्या दंगलींत चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने 900 मृत्यू नोंदवले, त्यांतले 575 मुसलमान. मावशीचे डॉक्टर आजही हिंदू आहेत. त्यांच्याकडे तिने कधी त्या जाळपोळीचा हिशेब मागितला नाही.

26/11 ला मारल्या गेलेल्या नऊ अतिरेक्यांना मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात जागा द्यायला जामा मशीद ट्रस्टने साफ नकार दिला होता. 2006 ला मालेगावात शब-ए-बरातच्या दिवशी कब्रस्तानापाशी स्फोट झाले. मेले बहुतेक मुसलमान, आधी पकडले तेही मुसलमान, आणि 2016 मध्ये कोर्टाने त्यांना दोषमुक्त केलं. तोवर त्यांची ऐन उमेदीची वर्षं तुरुंगात गेली.

कसं ओळखायचं विचारता? बाकीच्यांना ओळखता तसंच. पोलीस पडताळणी, कंपनीचं पत्र, आधीच्या मालकाला एक फोन.

बुद्धिवादी_नाशिक :
घर नाकारणं चूकच. पण मुस्लिम समाजातल्या कट्टरतेबद्दल इथे कुणी ब्र काढणार आहे की नाही? 18 एप्रिल 1966 ला समाजसुधारक हमीद दलवाईंनी तोंडी तलाकविरुद्ध मुंबईत मोर्चा काढला, त्यात सात बायका होत्या. फक्त सात! तलाक दिलेल्या शहाबानोला सुप्रीम कोर्टाने पोटगी दिली, तेव्हा मात्र त्या निकालाविरुद्ध रस्ते भरून वाहिले आणि तो निष्प्रभ करणारा 1986 चा कायदा आला. नदीकाठ, त्यावर धागा कधी काढलात?

खाडीपट्टा :
माझ्या आत्याला तलाक पोस्टकार्डावर आला होता. मला शिकवू नका. दलवाईंचं मिरजोळी आमच्यापासून लांब नाही, घरात त्यांची पुस्तकं आहेत. जमातीच्या बैठकीत मी आत्याची बाजू घेतली तेव्हा गावाने बोलणं टाकलं होतं. हे भांडण मी पुढेही भांडणार आहे. पण त्याचा निकाल लागेपर्यंत मी राहायचं कुठे? दलवाई स्वतः आले असते तरी रोखठोकांच्या सोसायटीत त्यांना घर मिळालं नसतं. नाव हमीदच ना.

बोंबील_फ्राय :
धर्माचं राहू द्या, मुलुंड-घाटकोपरला मराठी माणसाचे काय हाल आहेत ते बघा. एजंटचा पहिला प्रश्न, "नॉनव्हेज खाता?" आम्ही सीकेपी. सोड्याची खिचडी नाही तर रविवार कसला? तीन बिल्डिंगांनी नाही म्हटलं.

तूपभात :
सुकट भाजली की जिनाभर वास येतो, माझी मुलगी ओकते. याला भेदभाव म्हणू नका.

बोंबील_फ्राय :
मुंबई कोळ्यांची. ज्यांना वास सोसत नाही त्यांनी समुद्राकाठी यायचंच नव्हतं.

तूपभात :
भाषा सांभाळा. माझी चौथी पिढी आहे मुंबईत.

बिनव्याजी :
आमच्याकडे भाडेकरू कोण याच्याशी कुणाला देणंघेणं नाही, पण बिनभोगवटा शुल्क, म्हणजे घर भाड्याने दिलं की सोसायटी मालकाकडून घेते ते, मनाला येईल तसं लावतात. सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांवर घेता येत नाही. पत्रं लिहून थकलो, सेक्रेटरी पावतीवर त्या शुल्काला वेगळंच नाव घालतो. यावर कुणी बोलेल का?

रोखठोक :
बोंबील_फ्राय यांना माझा पूर्ण पाठिंबा. मराठी माणसाला मुंबईत घर नाकारणं हा निव्वळ माज आहे. असल्या सोसायट्यांवर गुन्हे दाखल करा.

नदीकाठ :
का बरं? घर त्यांचं, हप्ते त्यांचे, वासाचा अनुभवही त्यांचा. तुमचीच सगळी कारणं तिथे जशीच्या तशी लागू आहेत. बोंबील_फ्राय यांच्या ताटावरून त्यांना ओळखलं तर माज, आणि माझ्या सहकाऱ्याला नावावरून ओळखलं तर सावधगिरी?

बोंबील_फ्राय :
मला मध्ये घेऊ नका. पण मुद्दा बरोबर आहे.

रोखठोक :
मासे आणि बॉम्ब एका तराजूत घालताय, हे मला पटलेलं नाही आणि पटणार नाही. सोसायटीने सरसकट ठरवायला नको होतं, एवढं फार तर मानतो. ज्याचं घर त्याने ठरवावं. माझं घर मी माझ्या मर्जीनेच देणार.

खाडीपट्टा :
तुमचं घर मी मागितलेलंही नाही. पण तुमच्या बी विंगमधले एक मालक मुसलमान कुटुंबाला घर द्यायला तयार होते, सेक्रेटरींनी त्यांना अडवलं, हे तुम्हीच पहिल्या धाग्यावर अभिमानाने सांगितलंत. ‘ज्याचं घर त्याने ठरवावं’ हे त्यांनाही लागू करा. पुढच्या सभेत उठून एवढंच बोला, आणि सेक्रेटरी काय म्हणाले ते इथे लिहा.