रंग एकच, शिव्याही त्याच, मग ब्रिटनमधे भारतीय पुढे आणि पाकिस्तानी मागे का?

रोखठोक: गोऱ्याला आपण सगळे सारखेच दिसतो, 'पाकी' ही शिवी आपल्यालाही पडतेच. तरी पगार घ्या, शिक्षण घ्या, ब्रिटनमधले भारतीय वर आणि पाकिस्तानी बरेच खाली. मग सगळं खापर वर्णद्वेषावर कसं काय फोडता राव? धर्म, घरचे संस्कार यांचा काही वाटा आहे की नाही?

ब्रॅडफर्डकर: नऊ वर्षं काढलीत इथे, उत्तर इंग्लंडातल्या ब्रॅडफर्डमधे. इथले बहुतेक पाकिस्तानी मूळचे पाकव्याप्त काश्मीरमधल्या मीरपूरचे. १९६० च्या दशकात मंगला धरणात गावंच्या गावं बुडाली (कोयनेवाल्यांना वेगळं सांगायला नको), ते शेतकरी इथे लोकरीच्या गिरण्यांत रात्रपाळीला लागले आणि मग गिरण्याच बंद पडल्या. १९८२ च्या संपानंतर गिरणगावात घरोघरी काय झालं ते आठवा, तिथे कोणी संस्कार काढले होते का?

रोखठोक: आणि युगांडाचे गुजराती? १९७२ ला तिथल्या हुकूमशहा इदी अमीनने ९० दिवसांत हाकललं, सगळं तिथेच टाकून आले. इंग्लंडातल्या लेस्टर शहराच्या कौन्सिलने तर युगांडाच्या पेपरात जाहिरात दिलेली की आमच्याकडे येऊ नका! तरी उभे राहिलेच की.

ब्रॅडफर्डकर: खिसा रिकामा होता हो, पण दोन पिढ्या दुकानं चालवलेली, इंग्रजी येत होतं, वह्या लिहिता येत होत्या. मीरपूरच्या शेतकऱ्याशी कशी बरोबरी करता? आणि त्यांच्यात इस्माइली मुसलमानही होते, कॅनडाला गेलेले बघा कसे स्थिरावलेत.

शाळामास्तरीण: पूर्व लंडनमधे शिकवते, वर्गात निम्म्याहून जास्त पोरं बांगलादेशी, आजीआजोबा सिल्हेटचे. जीसीएसईला, म्हणजे आपल्या दहावीसारख्या परीक्षेला, इंग्लंडात या मुलांची सरासरी आता गोऱ्या ब्रिटिश मुलांच्या वर आहे. धर्म काही बदललेला नाही. पण पालकसभेला आई येते तेव्हा मुलगीच दुभाषी, माझ्या तक्रारी बिनदिक्कत गाळून सांगते आणि आई कौतुकाने मान डोलावते :) या बायकांचं नोकरीचं प्रमाण अजूनही खूपच कमी, त्यात भाषा आहे, घरच्यांचा नकारही आहे, आणि एका पगारावर पाचसहा तोंडं म्हटल्यावर ओढाताण आलीच. तिथे संस्कृतीला सूट देणार नाही मी.

रोखठोक: मग माझंच म्हणणं झालं ना ताई!

शाळामास्तरीण: अर्धंच. हिजाब बघून इंटरव्ह्यूला पाच मिनिटांत परत पाठवलेली माझीच एक जुनी विद्यार्थिनी आहे, ते कुठल्या खात्यात टाकू?

रोखठोक: इस्माइलींचं लक्षात नव्हतं, मान्य. बायकांच्या नोकरीवर मात्र मी हटत नाही.