ई-पुस्तक करताना तळटीपांचं काय करायचं? (३१२ आहेत!)

तळटीपग्रस्त:
मामांनी २००४ साली पदरमोड करून जलदुर्गांवर पुस्तक छापलं होतं. त्याची ई-आवृत्ती करायची आहे. डीटीपीवाल्याकडून वर्डची फाइल मिळाली. फाँट जुना होता, तो मॅक्रो (वर्डमध्ये आपोआप चालणाऱ्या आज्ञा) चालवून युनिकोड केला. कॅलिबर या ई-पुस्तकं बनवायच्या प्रोग्राममधून ईपब (ई-पुस्तकाची फाइल) काढलं तर सिंधुदुर्गाच्या तटाचं वर्णन रंगात आलेलं असताना मधेच "३ पेशवे दप्तरातील नोंद" असं टपकतं. काही टीपा नीट शेवटी गेल्यात, काही नुसती गिचमिड. किंडल आणि आयफोन दोन्हीवर चालायला हवं. घरी जमेल की पैसे देऊन करून घेऊ?

खिळेजुळारी:
घरीच जमेल, पण आधी कॅलिबर बंद करा. दुखणं वर्डच्या फाइलीत आहे.

टीपेच्या आकड्यावर माउस नेऊन थांबा. टीप वर तरंगली तर ती खरी, म्हणजे वर्डच्या तळटीपेच्या सोयीने घातलेली. नाही तरंगली तर डीटीपीवाल्याने आकडा हाताने वर चढवून टीप पानाच्या तळाशी टाइप केली आहे. छापील पानावर फरक कळत नाही. ई-पुस्तकात पान असं नसतंच, त्यामुळे ती टीप वाक्याच्या मधे येऊन बसते. फाइंडमध्ये सुपरस्क्रिप्ट शोधा, खोटी सापडली की मजकूर कट करून Alt, Ctrl आणि F एकदम दाबा, उघडलेल्या जागी चिकटवा. कंटाळवाणं आहे, पण दुसरा मार्ग मला माहीत नाही.

गिचमिड झाल्यात त्या बहुतेक खऱ्याच टीपा असणार. वर्ड टीपा वेगळ्या कप्प्यात ठेवतो आणि बरेच मॅक्रो फक्त मुख्य मजकुरावरून फिरतात. त्या एकेक करून बदला. सगळ्या एकदम उचलून चिकटवल्यात तर आकडे मरतात, म्हणजे त्यांचा टीपेशी दुवा तुटतो.

कमांडवाली:
वर्डची साफसफाई झाली की कॅलिबरऐवजी पॅनडॉक (आज्ञा टाइप करून चालवायचा, फाइलींचे प्रकार बदलणारा प्रोग्राम) वापरून बघा. आयफोनवर टीप छोट्या खिडकीत उघडायची तर ईपब३ (ईपबची नवी आवृत्ती) मध्ये कोडात आकड्याला 'नोटरेफ' आणि टीपेला 'फुटनोट' असा प्रकार दिलेला लागतो. पॅनडॉक तो आपणहून लिहितो. काळ्या पडद्याची भीती वाटत असेल तर कॅलिबरचंच ईपब सिजिल या ईपब दुरुस्त करायच्या प्रोग्राममध्ये उघडून हाताने लिहा.

किंडलसाठी टीपेतून मजकुरात परत येणारा दुवाही हवा. मोबी (किंडलची जुन्या प्रकारची फाइल) करत बसू नका, सेंड टू किंडल ही ॲमेझॉनची किंडलवर फाइल पाठवायची सोय आता ईपबच घेते.

आणखी एक. वर चढवलेला इवलासा ३ मोठ्या माणसांच्या बोटाला सापडत नाही. चौकटी कंसात [३] करा.

निवृत्त_ग्रंथपाल:
तंत्राचं या दोघांनी सांगितलं, मी मजकुराबद्दल बोलतो. मामांच्या टीपांत 'तत्रैव' (म्हणजे आधीच्या टीपेतल्याच ग्रंथात) किती आहेत ते मोजा. कागदावर डोळा एक ओळ वर गेला की काम भागतं. खिडकीत एकच टीप दिसते, तिथे "तत्रैव, पृ. ४५" वाचून वाचकाने काय समजायचं? प्रत्येक ठिकाणी ग्रंथाचं नाव थोडक्यात लिहा. 'उपरोक्त'चंही तेच. "पृ. ११२ वरील टीप पाहा" असं असेल तर पृष्ठांक काढून प्रकरण आणि टीप क्रमांक द्या.

मोठ्या, अर्ध्या पानाच्या टीपा असतील तर त्या मात्र खिडकीत कोंबू नका, प्रकरणाच्या शेवटी परिशिष्टासारख्या द्या. कोडातल्या 'असाइड' या खुणेमध्ये घातलेली टीप ॲपल बुक्समध्ये पानावर दिसतच नाही, फक्त खिडकीत दिसते. टीपा सलग वाचणारे आमच्यासारखे लोक तिथे फसतात.

तळटीपग्रस्त:
सगळ्यांचे आभार. माउसची परीक्षा घेतली: ३१२ पैकी १४० खोट्या! तीन रविवार गेले. गिचमिडीचंही खिळेजुळारी म्हणाले तसंच निघालं. पॅनडॉकचं ईपब मामेबहिणीच्या आयफोनवर झकास उघडतंय, किंडलवरही.

तत्रैव ७४ निघाले. मामांना विचारलं तर म्हणाले, "तत्रैव काढायचं नाही, ते शिस्तीचं आहे." शेवटी "तत्रैव (पेशवे दप्तर), पृ. ४५" यावर तह झाला. मोठ्या टीपा पाच आहेत, त्यांच्यावर बोलणी चालू आहेत.