'नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा' – यात नैतिक कशासाठी?

पेपरात कायम येतं, अमक्या मंत्र्याने नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. नुसती जबाबदारी का नाही म्हणत? आणि शेजारच्याच रकान्यात 'राजीनामा घेतला' असं असतं, दोन्ही एकच का?

---

एकच कसं असेल! नैतिक म्हणजे चूक माझ्या हातची नाही पण खातं माझं. नोव्हेंबर १९५६ मधे मद्रास राज्यात अरियालूरजवळ पुराने पूल खचला आणि गाडी नदीत गेली, दीडशेच्या आसपास माणसं गेली. शास्त्रीजी रेल्वेमंत्री होते, ते काही पूल तपासत फिरत नव्हते तरी राजीनामा दिला. त्याआधी थोडेच महिने महबूबनगरच्या रेल्वे अपघातानंतरही दिलेला, तो नेहरूंनी स्वीकारला नव्हता. स्वतः केलेल्या भानगडीत सापडल्यावर लोक नैतिक नैतिक करतात ते मला तरी चुकीचं वाटतं, तिथे नुसती जबाबदारीच असते.

आता 'घेतला'. स्वीकारणं वेगळं अन् घेणं वेगळं, घेणं म्हणजे वरून सांगावा येतो की आणून द्या. २६/११ नंतर आबांनी (आर. आर. पाटील) मोठ्या शहरात असं एखाददुसरं होतं अशा अर्थाचं हिंदीत बोलून ठेवलं, १ डिसेंबरला गृहमंत्रीपद गेलं, तो दिला की घेतला यावर आमच्याकडे पारावर अजून वाद होतो. २००९ च्या निवडणुकीनंतर परत गृहखातंच मिळालं ते वेगळं.

---

मुंदडा प्रकरण विसरलात. एलआयसीने हरिदास मुंदडाच्या कंपन्यांत सव्वा कोटीच्या आसपास पैसे घातले, अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी म्हणत राहिले की निर्णय सचिवांचा. चौकशीला नेमलेल्या न्यायमूर्ती छागलांनी मुंबईत उघड चौकशी घेऊन सांगितलं की सचिवाने केलेल्याची जबाबदारी घटनेप्रमाणे मंत्र्याचीच. फेब्रुवारी १९५८ ला कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला. म्हणजे इथे नैतिक पण नाही, घटनात्मक म्हणायला हवं.

---

राजीनामा शब्द मुळात महसुलातला पण आहे बरं का. जुन्या दप्तरात जमीन सोडणारा राजीनामा लिहून द्यायचा आणि घेणारा कबुलायत, म्हणजे कबुलीचा कागद. हिंदीवाले राजीनामा म्हणजे कोर्टातली तडजोड समजतात, पद सोडायचं तर इस्तीफा.

---

आणि डच्चू, नारळ?

---

डच्चू फेरबदलात मिळतो, यादीत नावच नसतं, कारण पण कोणी सांगत नाही. नारळ कुणालाही देतात, मंत्री असो नाहीतर मुनीम. उचलबांगडी जास्त करून अधिकाऱ्यांची, ते दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसतात.

---

मग 'राजीनामे खिशात घेऊन फिरतो' कशात धरायचं?

---

तो राजीनामाच नव्हे हो, ती धमकी. फडणवीसांच्या पहिल्या सरकारात सेनेचे मंत्री म्हणायचे, २०१९ च्या निवडणुकीपर्यंत ते खिशातच होते.