'ॲनिमल फार्म': सात आज्ञा नेमक्या कधी मोडल्या?

मुक्ता_वाचते (धागाकर्ती):
जॉर्ज ऑर्वेलच्या १९४५ च्या या कादंबरीत शेतावरचे प्राणी मालक जोन्सला हाकलून स्वतःचं राज्य आणतात आणि डुकरं पुढारी होतात. तिचा विषय निघाला की सगळे 'काही प्राणी अधिक समान' या शेवटाकडच्या ओळीवर येऊन थांबतात. तोवर सगळं केव्हाच हातातून गेलेलं असतं. कोठाराच्या भिंतीवर नव्या राज्याचे नियम म्हणून सात आज्ञा लिहिल्या त्याच दिवशी पाच बादल्या दूध गायब झालं. मग सफरचंदंही फक्त डुकरांना. डुकरांचा प्रवक्ता स्क्वीलर, त्याचं कारण ठरलेलं: आम्ही डोक्याचं काम करतो, आम्ही कमी पडलो तर जोन्स परत येईल. या वाटपाला स्नोबॉल या पुढारी डुकराचीही संमती होती! पुढे त्याला हाकललं म्हणून आपण त्याला साधू समजतो. भिंतीवरचं एक अक्षर न पुसता समानतेची सातवी आज्ञा मोडली. कथेला वळण तिथेच मिळतं, असं ऑर्वेलने स्वतः पत्रात लिहिलंय.

पांढरा_खडू:
मुळीच पटत नाही. दूध गेलं तेव्हा रविवारच्या सभा होत होत्या, मतं पडत होती. विचारलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं. घात केला तो नऊ कुत्र्यांनी. स्नोबॉलचा प्रतिस्पर्धी डुक्कर नेपोलियन, त्याने पिल्लं आयांपासून तोडून गुपचूप वाढवली, त्यांनी स्नोबॉलला पळवलं आणि लगेच सभा बंद! त्याला हरकत घेणारी चार डुकरं पुढे याच कुत्र्यांनी मारली. 'पलंगावर झोपू नये' या आज्ञेत 'चादर घालून' आणि 'दुसऱ्या प्राण्याला मारू नये' या आज्ञेत 'कारणाशिवाय' हे शब्द घुसले ते सभा बंद झाल्यानंतर. आधी दहशत, मग दुरुस्ती.

नदीकाठ:
दुरुस्तीची तरी गरज काय? ज्या सोव्हिएत रशियावर ही कथा बेतली, तिथे डिसेंबर १९३६ मध्ये स्टालिनची राज्यघटना आली. कलम १२५ मध्ये भाषणस्वातंत्र्य, १२७ मध्ये बेकायदा अटकेपासून संरक्षण. पुढच्या दोन वर्षांत सरकारी नोंदींप्रमाणेच ६ लाख ८० हजारांहून जास्त माणसांना गोळ्या घातल्या. कलमं तशीच होती. इथे मला ऑर्वेल कमी पडलेला वाटतो.

मुक्ता_वाचते:
@नदीकाठ, रशियाबद्दल मान्य, ऑर्वेलबद्दल नाही. स्क्वीलर रात्री शिडी लावून रंगाचा डबा घेऊन का चढतो? कारण क्लोव्हर घोडीला शंका येते आणि ती म्युरिएल शेळीकडून भिंत वाचून घेते. कोणीतरी पडताळून पाहतंय म्हणून तर शब्द बदलावे लागतात.

पांढरा_खडू:
म्युरिएल वाचते ते बदललेलंच, आणि क्लोव्हरला वाटतं आपलीच आठवण चुकली. पडताळणीचा उपयोग काय झाला? बेंजामिन गाढवाला डुकरांइतकंच वाचता येत होतं. तो वर्षानुवर्षं गप्प बसला. राबून थकलेल्या बॉक्सर घोड्याला नेणाऱ्या गाडीवर खाटकाचं नाव आहे हे त्याने ओरडून सांगितलं, तेव्हा गाडी निघायच्या बेतात होती. मला स्नोबॉलपेक्षा त्याचा जास्त राग येतो.

नदीकाठ:
बेंजामिनवर राग काढू नका. कुत्रे समोर असताना त्याने भिंत मोठ्याने वाचली असती, तर त्या चार डुकरांशेजारी पाचवं प्रेत त्याचं पडलं असतं.

मुक्ता_वाचते:
कुत्रे आले नंतर. दूध गेलं त्या संध्याकाळी त्याला कोणी अडवलं होतं?