‘अनइन्स्टॉल’ दिसतच नाही: फोन आणि लॅपटॉपवरची नको असलेली ॲप्स मुळापासून कशी काढावीत?

रिकामी_जागा:
फोन अँड्रॉइड, ६४ जीबीचा. सोबत आलेली बरीच ॲप्स कधी उघडलीही जात नाहीत, पण त्यांच्या पानावर ‘अनइन्स्टॉल’ऐवजी नुसतं ‘डिसेबल’ आहे. एका ॲपवर तर सगळीच बटणं पुसट आहेत. दोन गेम काढले तरी काही दिवसांनी आपोआप परत येतात.
लॅपटॉप विंडोज ११. मुदत संपलेला अँटीव्हायरस अर्धवट निघालाय. यादीत नाव आहे, पण काढायला गेलं की फाइल सापडत नाही म्हणतो.
रूट (फोनच्या सिस्टिमवर पूर्ण ताबा मिळवणं) किंवा फॉरमॅट करायचं नाही. डिसेबल केल्याने जागा तरी सुटते का?

काळा_पडदा:
आधी जागेचं. सोबत आलेली ॲप्स सिस्टिमच्या वेगळ्या पार्टिशनवर (साठवणीच्या स्वतंत्र कप्प्यात) असतात आणि ते फक्त वाचण्यापुरतं उघडं असतं. तिथलं ॲप काढलं तरी ती जागा तुमच्या फोटोंना मिळत नाही. तुमच्या हिश्शाची जागा खातात ती त्या ॲपची नंतर उतरलेली अपडेट्स, डेटा आणि कॅशे (तात्पुरत्या फाइली). म्हणून ॲपच्या पानावर वरच्या तीन ठिपक्यांतून ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ करा, स्टोरेजमध्ये जाऊन डेटा पुसा, आणि मग डिसेबल करा. डिसेबल झालेलं ॲप चालत नाही, दिसत नाही, स्वतःहून अपडेटही होत नाही. बहुतेकांना एवढं पुरतं.

त्यापुढे जायचं तर कॉम्प्युटर आणि एडीबी (कॉम्प्युटरवरून फोनला आज्ञा देणारं साधन) लागेल. गूगलच्या अँड्रॉइड डेव्हलपर साइटवरून ‘प्लॅटफॉर्म टूल्स’ घ्या (एडीबी त्यातच असतं) आणि झिप उलगडून त्याच फोल्डरमध्ये टर्मिनल, म्हणजे आज्ञा टंकायची खिडकी, उघडा. फोनच्या ‘अबाउट’मध्ये बिल्ड नंबरवर ७ वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, तिथे यूएसबी डीबगिंग चालू करा आणि फोन केबलने कॉम्प्युटरला जोडा. आज्ञा इथे देवनागरीत लिहितोय, टंकायच्या अर्थातच रोमनमध्ये, लहान अक्षरांत.

‘एडीबी डिव्हाइसेस’ दिल्यावर फोनचा क्रमांक आणि पुढे ‘डिव्हाइस’ हा शब्द दिसला पाहिजे. ‘अनऑथराइज्ड’ आलं तर फोनचं कुलूप उघडून पडद्यावरची परवानगी द्या. काहीच आलं नाही तर बहुधा केबल नुसती चार्जिंगची आहे. मग ‘एडीबी शेल पीएम लिस्ट पॅकेजेस’ने खरी पॅकेज नावं काढा, कारण आयकॉनखालचं नाव इथे चालत नाही. काढायची आज्ञा: ‘एडीबी शेल पीएम अनइन्स्टॉल’, मग दोन आडव्या रेघांना चिकटून ‘यूझर’, जागा सोडून शून्य, आणि शेवटी पॅकेजचं नाव. बऱ्याच ठिकाणी या आज्ञेत ‘आडवी रेघ के’ही दिसते. ती गाळा, तिच्यामुळे ॲपचा डेटा मागे राहतो.

ही आज्ञा ॲप फक्त शून्य क्रमांकाच्या वापरकर्त्यापुरतं, म्हणजे तुमच्यापुरतं काढते. मूळ प्रत सिस्टिममध्ये राहते, म्हणून फॅक्टरी रीसेट केला की सगळी मंडळी परत हजर. याचा फायदाही आहे: चुकीचं काही निघालं तर ‘एडीबी शेल सीएमडी पॅकेज इन्स्टॉल-एक्झिस्टिंग’ आणि पुढे नाव दिलं की ते परत बसतं. उतरलेलं अपडेटही या आज्ञेने पुसलं जात नाही, त्यामुळे वर सांगितलेलं ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ आधीच करून घ्या. क्रम उलटा झाला तर ॲप दिसेनासं होतं आणि जागा मात्र तेवढीच भरलेली राहते.

हात लावू नये अशी: सिस्टिम यूआय, टेलिफोनीशी संबंधित काहीही, गूगल प्ले सर्व्हिसेस, वेबव्ह्यू (ॲपच्या आत वेबपानं दाखवणारा भाग), आणि दुसरा पर्याय बसवून तो डीफॉल्ट केलेला नसेल तर लाँचर (होम स्क्रीन दाखवणारं ॲप) व कीबोर्ड. तयार याद्या सरसकट चालवू नका, एकेक काढा. वीस पॅकेजेस एकदम उडवली आणि कॅमेरा बंद पडला, तर कोणामुळे ते शोधत बसावं लागतं.

परत येणाऱ्या गेम्सचं मूळ गेममध्ये नसतं. फोनमध्ये आधीपासून एखादं इन्स्टॉलर ॲप असतं आणि त्याला न विचारता ॲप्स बसवायची परवानगी असते. गेम परत आलेला असतानाच ‘एडीबी शेल पीएम लिस्ट पॅकेजेस’ला ‘आडवी रेघ आय’ जोडून चालवा. प्रत्येक ॲपसमोर ते कोणी बसवलं त्याचं नाव येतं. प्ले स्टोअरऐवजी दुसरंच नाव दिसलं तर आधी त्याला घालवा, गेम नंतर.

रिकामी_जागा:
बहुतेक गेली, गेम्सचा इन्स्टॉलरही सापडला. पण एकावर ‘डिलीट फेल्ड इंटर्नल एरर’ येतंय, आणि त्या पुसट बटणांच्या ॲपवर ‘डिव्हाइस पॉलिसी मॅनेजर’ असं काहीतरी.

काळा_पडदा:
दुसरं सोपं आहे. त्या ॲपला डिव्हाइस ॲडमिनचे अधिकार आहेत. सेटिंग्जच्या शोधात ‘डिव्हाइस ॲडमिन’ टाका, त्याच्यापुढची खूण काढा, बटणं जिवंत होतील. फोन ऑफिसच्या व्यवस्थापनाखाली असेल तर मात्र ते ऑफिसलाच काढावं लागेल. स्वतः बसवलेलं एखादं ॲप खूण काढायला गेल्यावर लगेच पडदा बंद करत असेल, तर ते अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी वापरून तुम्हाला अडवतंय. फोन सेफ मोडमध्ये सुरू करा (बहुतेक फोनवर पॉवर मेनूतलं ‘पॉवर ऑफ’ दाबून धरायचं). तिथे बाहेरून बसवलेली ॲप्स चालत नाहीत, त्यामुळे निवांत काढता येतं.

पहिल्यात ‘यूझर शून्य’ राहिलंय का बघा. बरोबर असेल तर उत्पादकाने ते पॅकेज राखून ठेवलंय. ‘अनइन्स्टॉल’च्या जागी ‘डिसेबल-यूझर’ घालून बघा, बाकी आज्ञा तीच. तेही नाकारलं तर रूटशिवाय इलाज नाही, सोडून द्या.

निळी_खिडकी:
लॅपटॉपचं सांगतो. अँटीव्हायरस कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, ड्रायव्हर घालतो आणि फाइली उघडण्याच्या व नेटवर्कच्या वाटेवर बसतो. प्रोग्रॅम फाइल्समधलं त्याचं फोल्डर हाताने उडवलं की अनइन्स्टॉलर जातो, ड्रायव्हर राहतो. तुमचा ‘फाइल सापडत नाही’ हा निरोप बहुधा त्यातलाच.

आधी रीस्टोअर पॉइंट (काही बिघडलं तर मागे जाण्यासाठीची नोंद) बनवा. मग त्या कंपनीच्याच साइटवरून तिचं रिमूव्हल टूल घ्या. बड्या अँटीव्हायरस कंपन्या ते फुकट देतात. दुसऱ्याच संकेतस्थळावरचं त्याच नावाचं टूल घेऊ नका. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. टूल मिळालं नाही तर तीच आवृत्ती वरून पुन्हा बसवा आणि मग रीतसर काढा. विचित्र वाटतं, पण हरवलेला अनइन्स्टॉलर त्यानेच परत येतो.

काढून झाल्यावर ‘शट डाउन’ नको, ‘रीस्टार्ट’ करा. फास्ट स्टार्टअप (विंडोज लवकर सुरू करणारी सोय) चालू असेल तर शट डाउनमध्ये कर्नल फक्त झोपवला जातो, आणि पुढच्या बूटला पुसायच्या म्हणून ठेवलेल्या फाइली तशाच राहतात. नंतर विंडोज सिक्युरिटीत डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस) चालू झालाय का ते बघा. जुन्याची नोंद अजून शिल्लक असेल तर तो गप्प बसून राहतो.

सेफ मोडचा सल्ला सगळीकडे मिळतो, पण विंडोज इन्स्टॉलर सेवा तिथे मुळात चालत नाही. एमएसआयने (त्या सेवेच्या पॅकेज फाइलने) बसलेलं सॉफ्टवेअर त्यामुळे सेफ मोडमध्ये निघत नाही. आणि जागेसाठी विंडोज फोल्डरमधलं ‘इन्स्टॉलर’ हे लपलेलं फोल्डर साफ करू नका. काढण्यासाठी लागणारी पॅकेजेस तिथेच असतात.

बाकी ॲप्ससाठी विनगेट हे विंडोजचं ॲप्स बसवायचं-काढायचं साधन वापरा: टर्मिनलमध्ये ‘विनगेट लिस्ट’, मग ‘विनगेट अनइन्स्टॉल’ आणि नाव किंवा आयडी. सेटिंग्जमध्ये न निघणारी स्टोअरची बरीच ॲप्सही याने जातात. नवं यूझर खातं उघडल्यावर ती पुन्हा दिसली तर नवल नाही: त्यांची एक प्रत नव्या खात्यांसाठी राखलेली असते, ती पॉवरशेलच्या ‘रिमूव्ह-ॲपएक्सप्रोव्हिजन्डपॅकेज’ने वेगळी काढावी लागते. यादीतले ‘व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल’ दहा वेळा दिसले तरी राहू द्या. इतर सॉफ्टवेअर त्यांच्यावर उभं असतं आणि प्रत्येक आवृत्तीचं गिऱ्हाईक वेगळं.

रजिस्ट्री (विंडोजची सेटिंग्जची नोंदवही) साफ करणाऱ्या क्लीनरच्या वाटेला जाऊ नका. उरलेल्या चार नोंदींनी लॅपटॉप मंद होत नाही, मंद करतात ते मागे राहिलेले टास्क आणि सेवा. टास्क शेड्युलरमध्ये आणि टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप भागात जुनं नाव शोधा.

अर्धं_सफरचंद:
ॲपलवाल्यांसाठी थोडक्यात. आयफोनवर ‘रिमूव्ह फ्रॉम होम स्क्रीन’ केलं तर ॲप फक्त ॲप लायब्ररीत जातं, ‘डिलीट ॲप’च हवं. ‘ऑफलोड’ने ॲप जातं, कागदपत्रं आणि डेटा राहतो. डिलीटचा पर्यायच येत नसेल तर स्क्रीन टाइममधल्या निर्बंधांत ‘डिलीटिंग ॲप्स’ बंद आहे का ते बघा.

मॅकवर ॲप ट्रॅशमध्ये ओढलं तरी लायब्ररीतल्या ‘ॲप्लिकेशन सपोर्ट’, ‘कॅशेस’ आणि ‘लाँच एजंट्स’ या फोल्डरांत पसारा उरतो. स्वतःचा अनइन्स्टॉलर असेल तर आधी तो चालवा. ॲपलची मूळ ॲप्स मात्र मॅकओएस ११पासून सीलबंद सिस्टिम व्हॉल्यूमवर आहेत, त्यांच्यामागे लागू नका.

आणि फोन कुठलाही असो, ॲप काढल्याने सबस्क्रिप्शन थांबत नाही. ते ॲपल खात्यात किंवा प्ले स्टोअरच्या ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’मध्ये वेगळं रद्द करावं लागतं.

काळा_पडदा:
एक राहिलं. काम झाल्यावर यूएसबी डीबगिंग बंद करा आणि ‘रिव्होक’ने दिलेल्या परवानग्या काढून घ्या. काही बँकांची ॲप्स डीबगिंग चालू दिसलं की उघडतच नाहीत.