मदत हवी आहे: महापालिकेच्या कर्मचारी वार्तापत्रात ताणतणावाबद्दल खरंच कामाचं काय लिहावं?

नमस्कार मंडळी,

मी एका 'ड' वर्ग महापालिकेत आस्थापना विभागात वरिष्ठ लिपिक आहे. आमच्याकडे दर महिन्याला चार पानी कर्मचारी वार्तापत्र निघतं. सेवानिवृत्ती, बदल्या, पदोन्नती, दहावी-बारावीतल्या मुलांचं कौतुक, क्रिकेटचे सामने असा मजकूर असतो. या महिन्यापासून ते काम माझ्याकडे आलंय आणि उपायुक्त साहेबांनी एक अख्खं पान ताणतणाव व्यवस्थापनाला द्यायला सांगितलंय. मला हे मनापासून पटलं. पण जुने अंक चाळले तर या विषयावर काय सापडलं? सकारात्मक विचार करा, हसत राहा, पहाटे उठून फिरायला जा. आमच्या सफाई कामगार ताया पहाटे उठून, घरचा डबा करून सहाच्या हजेरीला शेडवर पोचतात. त्यांना हे छापून द्यायला माझा हात धजत नाही.

आमच्याकडचा ताण कसला आहे ते सांगते. एकेका माणसाकडे दोन-दोन, तीन-तीन टेबलांचा अतिरिक्त कार्यभार. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखल्यांना मुदत बांधून दिली, चुकली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. नागरिकांसाठी हे योग्यच आहे, पण शेजारची खुर्ची रिकामी असताना ती मुदत जन्म-मृत्यू नोंदणीतल्या एकाच मुलीच्या डोक्यावर बसते. कर विभागाचं तर ३१ मार्च जवळ आला की बघवत नाही. त्यात निवडणुकीची ड्यूटी. कंत्राटी मुलांना पुढच्या वर्षी आपण असू की नाही हे ठाऊक नसतं. आणि हे सगळं बोलायची सोय नाही. कोणी बोललाच तर 'काम जमत नाही म्हणून रडतोय' असा शिक्का बसतो आणि तो गोपनीय अहवालात उतरेल अशी भीती प्रत्येकाला.

माझ्या जवळच्या एका सहकाऱ्याची मला फार काळजी वाटते. पूर्वी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना जमवणारा माणूस, आता डबा न उघडता परत नेतो. 'बरा आहे' एवढंच म्हणतो. त्याच्याशी काय बोलावं, हाही माझा प्रश्नच आहे.

तेव्हा मला हे हवंय: त्या पानावर असं काय असावं की वाचणाऱ्याला त्याच दिवशी उपयोग होईल? जे वार्तापत्र वाचतच नाहीत, त्यांच्यापर्यंत कसं पोचावं? आणि मदत घेतली तर नोकरीवर परिणाम होत नाही, हे कोणत्या आधारावर ठामपणे लिहिता येईल? तुमच्यापैकी कोणी पालिकेत, जिल्हा परिषदेत, एसटीत, वीज कंपनीत असाल तर तुमच्याकडे काय चाललं तेही सांगा.

– आवकजावक

जुना_मुकादम

ताई, मी घनकचरा विभागातून मुकादम म्हणून निवृत्त झालो. शेडवर कागद वाटाल तर त्यात भजी बांधली जातील. दोन मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करून मुकादमांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका आणि हजेरी झाल्यावर फोनवर मोठ्याने लावायला सांगा. बोलणारी बाई त्यांच्यातलीच घ्या, साहेब नको.

आमच्या लोकांच्या ताणात दारूचा भाग मोठा आहे, तो वार्तापत्रात कोणी लिहीत नाही. घाणीत हात घालायचा, वास सहन करायचा, म्हणून आधी एक घोट, असं सुरू होतं. तिथे उपदेश केलात की माणूस उठून जातो. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करतंय. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस गटाच्या मराठी बैठका कितीतरी गावांत भरतात, तिथे पैसे लागत नाहीत आणि आडनावही विचारत नाहीत. तुमच्या शहरातल्या बैठकीचा वार, वेळ आणि जागा छापा. हातमोजे आणि गमबूट या वेळी कधी मिळणार ती तारीखही छापा. हसू नका, आमच्याकडे निम्मी चिडचिड त्याचीच असायची.

मनमोकळी

मी समुपदेशक आहे, सरकारी कर्मचारी बरेच येतात माझ्याकडे. तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण खरी अडचण तिथे आहे.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सालचा, लागू झाला २९ मे २०१८ ला. त्याच्या कलम २३ नुसार उपचारांची माहिती गोपनीय ठेवली जाणं हा रुग्णाचा हक्क आहे. कलम २१ म्हणतं की शारीरिक आजाराच्या रुग्णाला जशी वागणूक, तशीच मानसिक आजाराच्या रुग्णाला, आणि विम्यातही दोन्हींत भेद करायचा नाही. ही दोन कलमं चौकटीत, मोठ्या टाइपात छापा. आपल्या लोकांचा कलमांवर विश्वास असतो, आणि असावाच.

दुसरं, रजा. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ तुमच्याकडे लागू असतील तर वर्षाला २० दिवस अर्धवेतनी रजा खात्यावर जमा होते. वैद्यकीय दाखला असेल तर ती परिवर्तित करून पूर्ण पगारी घेता येते, एका दिवसाला दोन दिवस खर्ची पडतात. हे आस्थापनेतल्या तुम्हाला तोंडपाठ असणार, पण माझ्याकडे येणाऱ्यांना माहीत नसतं. मनोविकारतज्ज्ञ हाही नोंदणीकृत डॉक्टरच, दाखला त्याचाही असतो. नैराश्यासाठी रजा मागायची म्हणून लोक कंबरदुखीचा दाखला शोधत फिरतात, हे मी इतक्यांदा पाहिलंय की वाईट वाटतं.

टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक अंकात, एकाच जागी छापा. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा आहे, दिवसरात्र चालू, मोफत, आणि मराठीत बोलता येतं. कार्यालयाचा त्याच्याशी काहीही संबंध नाही, हे वाक्य त्याखाली नक्की टाका.

आता तुमच्या सहकाऱ्याबद्दल. सगळ्यांसमोर विचारू नका, आणि 'काय झालंय तुला?' असंही नको, त्यात आरोप ऐकू येतो. जे दिसलं तेवढंच सांगा: 'तुम्ही हल्ली डबा उघडत नाही, मला काळजी वाटते.' मग गप्प बसा. तो काही बोलला तर उपाय सांगायची घाई करू नका. झोप उडालीय का, जेवण जात नाहीये का, कशातच मन लागत नाहीये का, आणि हे दोन आठवड्यांच्या वर चाललंय का, एवढं कळलं तरी पुरे. तसं असेल तर डॉक्टरांकडे जायची वेळ झाली आहे. जगण्यात अर्थ नाही अशी भाषा आली तर त्याला एकटं सोडू नका. थेट विचारा, जिवाचं काही बरंवाईट करायचा विचार येतो का म्हणून. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. घरच्या कोणाला सोबत घ्या, १४४१६ ला त्याच्या शेजारी बसून फोन लावा, धोका समोर दिसत असेल तर सरळ रुग्णालयात न्या.

शास्तीमाफी

कर विभाग, काउंटर. थोडक्यात लिहितो, वसुली चालू आहे.

आमच्याकडे दोन गोष्टींनी फरक पडला. एक, काउंटरवर सलग बसवणं बंद केलं, दोन तासांनी आतल्या कामावर बदली. दोन, नागरिक अंगावर यायला लागला की आमचे अधीक्षक स्वतः उठून शेजारी उभे राहतात. बोलतातच असं नाही, पण उभे राहतात. सरकारी कामात बळ वापरून अडथळा आणणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ खाली गुन्हा आहे (पूर्वीच्या दंड संहितेतलं ३५३). पण पोलिसांत जाणं न जाणं नंतरचं. शिव्या खाल्लेल्या माणसाला लगेच दहा मिनिटं खुर्चीवरून उठू द्या, हे तुमच्या पानावर अधिकाऱ्यांसाठी लिहा. ताणाचं पान फक्त खालच्यांनी वाचायचं, असं कोणी ठरवलं?

थेम्सकाठची

मी मूळची सांगलीची, इथे लंडनमध्ये एका कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या पालिकेच्या, मनुष्यबळ विभागात काम करते. शास्तीमाफी यांच्या शेवटच्या ओळीला जोडून लिहिते.

इथे १९६७ पासून ब्रिटिश सरकारी कर्मचाऱ्यांच्या तब्येतीचा मोठा अभ्यास झाला, व्हाइटहॉल नावाने ओळखला जातो. तोपर्यंत समज असा की मोठ्या साहेबांवर जबाबदारी मोठी, म्हणून हृदयविकार त्यांनाच. निघालं उलट. हृदयविकाराने होणारे मृत्यू सगळ्यात खालच्या श्रेणीत, म्हणजे शिपाई-दरवान यांच्यात, सगळ्यात वरच्या श्रेणीच्या तिपटीहून जास्त होते. बिडी-सिगारेट, रक्तदाब सगळं हिशोबात धरूनही फरक पुरता मिटेना. १९८५ मध्ये दुसरा अभ्यास सुरू झाला, मायकल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली, ३५ ते ५५ वयाच्या दहा हजारांवर स्त्री-पुरुषांचा. त्यात दिसलं की आपल्या कामावर आपला ताबा किती, याचा हृदयविकाराशी संबंध आहे.

त्यामुळे आमच्याकडे ताण मोजताना माणसाला नाही, कामाला प्रश्न विचारतात. कामाचा बोजा किती, ताबा किती, वरिष्ठांचा आधार आहे का, आपसातले संबंध कसे आहेत, आपलं काम नेमकं कोणतं ते ठाऊक आहे का, आणि बदल होणार असतील तर आधी सांगतात का.

आवकजावक ताई, या शेवटच्या प्रश्नासाठी तर तुमच्या हातात अख्खं वार्तापत्र आहे! बदल्या झाल्यावर छापता ना? त्या कधी आणि कोणत्या निकषावर होणार ते आधी छापा. सेवाज्येष्ठता यादी कुठे अडकली आहे, फरकाची रक्कम कोणत्या महिन्यात, वैद्यकीय देयकं कुठपर्यंत मंजूर झाली. ही बातमी अधिकृतपणे मिळाली नाही की माणूस चहाच्या टपरीवर ती गोळा करतो आणि रात्रभर चघळत बसतो. माझ्या मते ताणाचं वेगळं पान नसलं तरी चालेल, पण ही माहिती हवीच.

आवकजावक

सगळ्यांचे मनापासून आभार. थेम्सकाठची यांचं लिहिणं मी दोनदा वाचलं. बातम्या आणि ताण हे दोन वेगळे विषय धरून मी बसले होते, ते तसे नाहीत हे आता दिसतंय.

ठरवलंय ते असं. पहिल्या पानावर 'कुठपर्यंत आलं' असं सदर: पदोन्नती, फरक, देयकं, गणवेश-गमबूट, सगळ्याची सद्यस्थिती आणि पुढची तारीख. साहेबांना विचारलं, ते म्हणाले तारीख चुकली तर लोक धरतील. मी म्हटलं, चुकली तर का चुकली ते छापू. त्यांनी होकार दिला आहे, जोखीम आहे हे जाणून दिला आहे, याचं मला बरं वाटलं. ताणाच्या पानाचा अर्धा भाग अधिकाऱ्यांसाठी, उरलेल्यात रजेचे नियम, दोन कलमं, १४४१६. शेडसाठी आवाज. आमच्या एका ज्येष्ठ सफाई कामगार तायांना विचारलंय, त्या तयार आहेत. आयुष मंत्रालयाचा पाच मिनिटांचा वाय-ब्रेक (योगाचा छोटा विराम) आहे, खुर्चीत बसल्या बसल्या होतो, तो काउंटरवाल्यांसाठी ठेवतेय, पण अगदी तळाशी.

सहकाऱ्याशी बोलले. मनमोकळी, तुम्ही सांगितलंत तसंच. सोमवारी आम्ही दोघं जिल्हा रुग्णालयात जाणार आहोत, वहिनीही येणार आहेत.

एक अडलंय. वैद्यकीय देयकांची स्थिती छापायची तर नावं येतात, आणि नावावरून आजाराच्या चर्चा सुरू होतात. कोणाकडे काही पद्धत आहे?

शास्तीमाफी

नाव आणि रक्कम दोन्ही नको. देयक दिलं तेव्हाचा आवक क्रमांक छापा, तो पोचपावतीवर असतो आणि ज्याचा त्यालाच माहीत असतो. शेजारी फक्त 'लेखा विभागात', 'मंजूर', 'त्रुटी' यांपैकी एक शब्द. 'त्रुटी' असेल तर कोणत्या टेबलावर आणि कोणत्या वेळेत भेटायचं तेही द्या, नाहीतर सगळे तुमच्याकडेच येतील.