क्लासिक बोट, फेरफार आणि ‘कस्टम’ : मराठीत नेमकं काय म्हणावं?

विचारणा :
जुन्या लाकडी मोटरबोटींवरचा एक लेख मराठीत आणते आहे. क्लासिक, रिस्टोअर्ड, मॉडिफाइड, कस्टम हे शब्द त्यात पानोपानी येतात. कोशात पाहिलं तर ‘अभिजात’ आणि ‘सानुकूल’ हाती लागतात. ‘सानुकूल नौका’ वाचून कुणाच्याही डोळ्यांपुढे काही उभं राहणार नाही. त्याहून मोठी अडचण म्हणजे, किती बदल केले की क्लासिक बोट कस्टम ठरते हेच मला कळत नाही. ती रेघ सापडली तर शब्दही सापडेल.

प्रतिसाद १ :
‘सानुकूल’ नकोच. समुद्राच्या संदर्भात हा शब्द आला की वारा आठवतो. सानुकूल नौका म्हणजे काय, वाऱ्याच्या बाजूने जाणारी? त्याऐवजी ‘फर्माइशी’ घ्या. मालकाने सांगितलं तसं कारागिराने केलं, हे त्यात लगेच कळतं.

‘क्लासिक’चं मात्र दोन ठिकाणी दोन तऱ्हेनं करावं लागेल. अमेरिकेतली अँटीक अँड क्लासिक बोट सोसायटी १९१९ ते १९४२ मधल्या बोटींना अँटीक आणि १९४३ ते १९७५ मधल्या बोटींना क्लासिक म्हणते. तिथे तो वर्गाचा शिक्का आहे, त्याला हात लावू नका. नुसतं कौतुक म्हणून आला असेल तर ‘जुन्या बांधणीची’ म्हणा. ‘अभिजात’ भाषेला आणि संगीताला शोभतो, बोटीवर तो जड होतो.

आता तुमची रेघ. ती मला ‘बांधणी’ या शब्दातच दिसते. आपण होडी बनवत नाही, बांधतो. तळाचा कणा, त्यावरचे वाक म्हणजे बोटीच्या फासळ्या, वाकांवर ठोकलेल्या फळ्या आणि या सगळ्यातून आलेली अंगाची गोलाई म्हणजे बांधणी. इंजिन, काच, आसनं, घड्याळं, रंग हा साज. कुजलेली फळी काढून त्याच मापाची, त्याच लाकडाची बसवली तर ती डागडुजी. सगळा तळ तसाच नव्याने घातला तर जीर्णोद्धार. लाकूड किती नवं यावरून बोट बदलत नाही. पाण्याखालच्या फळ्या तर कधी ना कधी बदलाव्याच लागतात. पण मागचा भाग कापून लांबी वाढवली, उघड्या बैठकीवर केबिन चढवली, तर बांधणी मोडली. मग जुनं नाव लावू नये असं माझं ठाम मत आहे.

प्रतिसाद २ :
बांधणी आणि साज ही विभागणी आवडली, पण इंजिन साजात टाकायला माझी हरकत आहे. कोकणात शिडाच्या होडीला इंजिन बसवलं तेव्हा काय झालं ते पाहा. पाण्यातला पंखा फिरवणारा दांडा बाहेर काढायला मागच्या उभ्या लाकडाला आरपार भोक पाडावं लागलं, इंजिन बसायला तळाशी जाड ओंडके घालावे लागले, आणि डोलकाठीची गरज उरली नाही. सरकारी कागदात तिचा वर्गच बदलला, ‘बिगर यांत्रिक’ची ‘यांत्रिक नौका’ झाली. बंदरावर मात्र लोक तिला होडीच म्हणत राहिले.

प्रतिसाद १ :
हरकत मान्य. मग असं म्हणू : इंजिनाच्या जागी इंजिन आलं तर साज, शिडाच्या जागी आलं तर बांधणीलाच हात लागला.

पहिल्या प्रकाराचं माझ्या माहितीतलं सगळ्यात सुंदर उदाहरण इटलीतलं आहे. इझेओ सरोवराकाठच्या सार्निको गावात कार्लो रिवा यांच्या कारखान्यातून १९६२ पासून अ‍ॅक्वारामा ही महॉगनीची बोट निघू लागली. तिची वळलेली पुढची काच सिनेरामा या चित्रपट दाखवण्याच्या तंत्रातल्या रुंद पडद्यावरून सुचली, नावही त्यावरूनच. १९६८ मध्ये मोटारींचे कारखानदार फेरुच्चो लॅम्बोर्गिनी यांनी एक अ‍ॅक्वारामा घेतली आणि कारखान्याची व्ही-८ म्हणजे आठ सिलिंडरची इंजिनं न ठेवता आपल्या मोटारींची चार लिटरची दोन व्ही-१२, म्हणजे बारा सिलिंडरची इंजिनं तिच्यात बसवून घेतली. पुढे बोट दुसऱ्याकडे गेली, ती इंजिनं निघाली आणि नेहमीची बसली. नंतर नेदरलँड्समध्ये जीर्णोद्धार झाला आणि २०१३ मध्ये ती पुन्हा लोकांपुढे आली, तेव्हा तिच्यात परत व्ही-१२ होती. म्हणजे कारखान्याच्या धर्तीची इंजिनं काढून फर्माइशी इंजिनं घातली आणि त्यालाच जीर्णोद्धार म्हटलं. मला ते पूर्ण पटतं. त्या एका बोटीचा इतिहास लॅम्बोर्गिनींच्या फर्माइशीपासून सुरू होतो. तरी ती अ‍ॅक्वारामाच राहते, कारण काच, गोलाई आणि लाकूडकाम तेच आहे.

विचारणा करणारी :
म्हणजे तिला ‘फर्माइशी अ‍ॅक्वारामा’ म्हणू?

प्रतिसाद २ :
त्याने बोटच फर्माइशी वाटेल. ‘फर्माइशी इंजिनांची अ‍ॅक्वारामा’ म्हणा. जिथे लांबी वाढवली, केबिन चढवली, तिथे ‘अ‍ॅक्वारामावरून केलेली फर्माइशी बोट’. आणि ‘कस्टम मॉडेल’ असेल तिथे ‘मॉडेल’चं ‘प्रतिकृती’ करू नका, वाचणाऱ्याला कपाटात ठेवायची छोटी बोट वाटेल. ‘फर्माइशी बोट’ एवढंच पुरे.